डिक्कीतली चार पोती

भटूआबांनी तो सिम्युलेटर सुरतकडच्या एका बंद पडलेल्या ड्रायव्हिंग स्कूलमधून टेम्पोत घालून आणला. खऱ्या गाडीची सीट, स्टेअरिंग, तीन पेडल, गिअरचा दांडा आणि समोर भलामोठा पडदा. नंदुरबारातल्या आपल्या मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये त्यांनी तो मांडला, त्या दिवशी पेढे वाटले. आणि दुसऱ्या दिवसापासून शिकाऊ मंडळी त्याच्यावर बसायला टाळाटाळ करू लागली.

त्या पडद्यावरच्या रस्त्यावर कुणी म्हणजे कुणीच नव्हतं. ना माणूस, ना ढोर, ना उसाची ट्रॉली. गाडी चाळीसच्या वर जायची नाही. चूक झाली की आतली एक बाई गुजरातीत रागवायची. त्यात स्टेअरिंग फिरवलं की गाडी आधी जरा विचार करायची आणि मग वळायची. तोवर माणूस घाबरून उलटं फिरवून बसलेला असे. शिकणाऱ्यांनी तिचं नाव म्हैस ठेवलं.

रंजिता या स्कूलमध्ये सात वर्षं गाडी शिकवत होती. जवळच्या कोरीट गावची पोर, आयटीआयला मोटार मेकॅनिक केलेली, आता चौतिशीची. तिला एक नाद होता आणि तो तिने स्कूलमध्ये कुणाला कळू दिला नव्हता. घरच्या कॉम्प्युटरवर ती शर्यतीच्या गाड्या चालवायची. नुसत्या चालवायची नाही, त्यांची पोटं उघडून बसायची. टायरात हवा किती, ब्रेकचा जोर पुढच्या चाकांवर किती आणि मागच्यांवर किती, तिसरा गिअर किती लांब, सगळं त्या खेळात बदलता येत असे. एका वळणावर अर्धा सेकंद वाचवण्यासाठी तिने पूर्ण रविवार घालवलेले होते.

तर अशा बाईच्या समोर ती म्हैस किती दिवस टिकणार.

एका रविवारी आबा लग्नाला गेले, तेव्हा तिने सिम्युलेटरच्या कॉम्प्युटरचा डबा उघडला. आत लालभडक थर. स्कूलच्या मागेच मिरची वाळवायची पथारी होती. वाऱ्याबरोबर आलेली ती सगळी भुकटी पंख्याने ओढून आत साठवली होती. तिने पंपाने हवा मारली आणि पुढचा तासभर ती शिंकत होती. शेजारच्या झेरॉक्सवाल्यानेही शटर अर्धं ओढून घेतलं. पण पंखा मोकळा झाला तसा कॉम्प्युटर तापायचा थांबला. मग तिने मेमरीची एक पट्टी वाढवली आणि घरचा शर्यतीचा खेळ त्यात घातला.

पहिल्यांदा तोही अडखळत चालला. सेकंदाला जेमतेम अठरा चित्रं. रंजिताने एकेक ओझं उतरवायला सुरुवात केली. सावल्या बंद. प्रेक्षक बंद. आभाळातले ढग बंद. आरसे तेवढे ठेवले, कारण आरसा न बघणारा शिकाऊ तिला चालत नसे. संध्याकाळपर्यंत आकडा साठवर गेला आणि स्टेअरिंग फिरवल्याबरोबर गाडी वळायला लागली.

एवढ्यावर ती थांबली असती तर ही गोष्ट झाली नसती. पण त्या खेळात आपला रस्ता आपण बनवून घालता येत होता. पुढचे पंधरा दिवस ती स्कूटीच्या हँडलला फोन बांधून माहेरी जा-ये करत राहिली. आई म्हणाली, एवढी माया एकदम कुठून आली. फाट्यापासून कोरीटपर्यंतचा रस्ता तिने वळणावळणाने उतरवला: नाल्यावरचा अरुंद पूल, रंग न मारलेला गतिरोधक, खड्डे, दोन्ही बाजूंचे कडुनिंब. गाडी मात्र साधी ठेवली, स्कूलच्या गाडीसारखीच, फक्त इंजिनात जरा जास्त जीव घातला.

आबांनी ते पाहिलं तेव्हा पडद्यासमोर बराच वेळ उभे राहिले.

"हाई काय शे?" हे काय आहे, असं त्यांनी अहिराणीत विचारलं.

"अपडेट करं, आबा."

"गाडी कोठे चालनी हाई?"

"कोरीटले."

आबांनी चष्मा पुसला. "हाऊ ते फाटा शे. हाऊ पूल. मंग मन्हं वावर कोठे शे?"

रंजिताला वाटलं होतं आबा ओरडतील. तिने त्याच आठवड्यात पुलापुढच्या वळणावर आबांचं पपईचं वावर बसवून दिलं आणि ते प्रकरण मिटलं. फक्त एक झालं. तिथे कुणाची गाडी घसरून वावरात शिरली की आबा खरोखर हळहळत. "हळू भो, पपया शेत त्या," म्हणजे पपया आहेत त्या, असं म्हणत ते खुर्चीवरून अर्धे उठायचे.

नियम रंजिताने कडक ठेवला. आधी वीस मिनिटं शिस्तीत गाडी चालवायची, सगळे इशारे देऊन. मग एक फेरी पळवायची. धडकलात तर वेळेत दहा सेकंद वाढणार. चांगल्या वेळा ती भिंतीवरच्या फळ्यावर लिहायची. म्हशीला कंटाळलेली माणसं आता तासभर आधी येऊन बाकावर बसू लागली.

फळ्यावर सगळ्यात वर दोन अक्षरं होती. यू. जे. वेळ चार मिनिटं नऊ सेकंद.

ही यू. जे. म्हणजे उमरावबाई. मिरचीचे जुने व्यापारी झुंबरलाल सेठ यांच्या पत्नी, वय बासष्ट. दोंडाईच्याच्या शाळेत शिकल्यामुळे मराठी अगदी पुस्तकातली. सेठच्या घरचा ड्रायव्हर दलसिंग म्हातारपणामुळे गावी निघून गेला, तेव्हा त्या नवऱ्याला म्हणाल्या होत्या, मी शिकते गाडी. सेठ हसले होते. चिडून वगैरे नाही, अगदी प्रेमाने, लहान मुलाने चंद्र मागितल्यावर हसतात तसे. दुसऱ्या दिवशी "क्लासला जाऊन येते" एवढंच सांगून उमरावबाई अकरा वाजता स्कूलमध्ये येऊन बसल्या. कसला क्लास, हे सेठनी विचारलं नाही. त्यांना भजनाचा वाटला.

बाईंचा हात विलक्षण होता. घाई नाही, झटका नाही. गतिरोधकाच्या आधी किती अंतरावर पाय उचलायचा हे त्यांना तीन फेऱ्यांत कळलं. आणि गाडीच्या पोटात काय चालतं ते जाणून घ्यायची त्यांना रंजिताइतकीच हौस.

"मागच्या टायरातली हवा थोडी कमी केली तर पुलापुढचं वळण सोपं जाईल का ग?" एके दिवशी त्यांनी विचारलं.

रंजिताने करून पाहिलं. तीन सेकंद वाचले.

दोन महिन्यांनी, एका दुपारी चार वाजता, खुद्द झुंबरलाल सेठ दारात उभे राहिले. नवा ड्रायव्हर मनासारखा मिळेना, म्हणून त्यांनी स्वतःच शिकायचं ठरवलं होतं. वय सहासष्ट, पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. रंजिताने त्यांचं नाव रजिस्टरात लिहिलं आणि तोंडातून शब्द काढला नाही. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही.

सेठ शिस्तीची वीस मिनिटं झाली की फेरीला बसत. त्या खेळात आधीची सगळ्यात चांगली फेरी एका पारदर्शक गाडीच्या रूपाने पुढे धावताना दाखवायची सोय होती. रंजिता तिला भूत म्हणायची. सेठच्या पुढे यू. जे.चं भूत धावायचं, पुलापर्यंत दिसायचं, आणि पुढे कडुनिंबांत नाहीसं व्हायचं.

"हाऊ यू. जे. कोन शे, रंजिताबेन?"

"शे एक. सकाळले येस."

"नवापूरना पोऱ्या व्हई," सेठनी स्वतःच ठरवून टाकलं. "त्या पोऱ्यासले कामधंदा नही."

घरी दिवस बुडायच्या आत जेवण व्हायचं. त्या जेवणात आता रोज यू. जे. असे. तो पोरगा वळणाला किती उशिरा ब्रेक मारतो, त्याला जिवाची पर्वा कशी नाही, त्याच्या आईबापांचं लक्ष कुठे असतं. उमरावबाई फुलका वाढत ऐकून घ्यायच्या आणि सकाळी येऊन रंजिताला सगळं जसंच्या तसं सांगायच्या. दोघी इतक्या हसायच्या की आबा आतून बाहेर येऊन बघत.

मात्र सेठ चिवट होते. पंधरा दिवसांत ते चार मिनिटं वीसवर आले, मग पंधरावर. एका सकाळी उमरावबाईंनी फळ्याकडे पाहिलं, पदर नीट केला आणि हळूच विचारलं, "बेटा, यांच्या गाडीत थोडं वजन घालता येतं का?"

येत होतं. फार वेगवान खेळाडूला आवरायला खेळात तशी सोय असतेच. प्रत्येकाच्या नावाची वेगळी फाईल; तिच्यात आकडा टाकला की गाडी तेवढी जड. सेठना त्यातलं काही दिसणार नव्हतं.

"किती घालू?"

"मिरचीचं एक पोतं चाळीस किलोचं धरतात. दोन घाल."

रंजिताने ऐंशीचा आकडा टाकला. तेव्हा तिला त्यात गंमत सोडून काही दिसलं नाही. त्या दुपारी सेठ पुलापुढचं वळण चुकवून सरळ आबांच्या वावरात गेले.

"सेठ, त्या मन्ह्या पपया शेत," आबा कळवळून म्हणाले.

सेठनी हार मानली नाही. आठ दिवसांत ते पुन्हा चार पंधरावर आले. उमरावबाईंनी आणखी दोन पोती घालायला सांगितली. आता सेठची गाडी चढाला धापा टाकू लागली आणि उताराला थांबेना. सेठ एक छोटी वही आणू लागले. कोणत्या कडुनिंबाशी पाय उचलायचा, कोणत्या खड्ड्यानंतर दुसरा गिअर, सगळं त्यात बारीक अक्षरात. चार पोती डिक्कीत घेऊन तो माणूस इंच इंच पुढे सरकत होता.

मग एका गुरुवारी ते चार सोळावर अडकले. तीन फेऱ्या, तिन्ही वेळा तेच. त्यांनी स्टेअरिंगवरचे हात उचलून पालथे केले आणि बघत राहिले.

"वय व्हई गयं, रंजिताबेन," ते शांतपणे म्हणाले. "हात मंदाई गयात. पोऱ्यासनं काम शे हाई."

ते गेल्यावर रंजिताने त्यांची फाईल उघडून तो आकडा पाहिला. आपण केलेली गंमत आता तिला गंमत वाटेना. दुसऱ्या दिवशी तिने उमरावबाईंना ते शब्द सांगितले, जसेच्या तसे, हसल्याशिवाय.

"असं म्हणाले?"

"हो."

"घरी नाही बोलले ते." त्यांनी चष्मा काढून हातात धरला. "रविवारी त्यांना बोलाव. सांग, यू. जे. समोर बसून फेरी मारायला तयार आहे. आणि पोती काढून टाक, बेटा."

रविवारी दहा वाजता सेठ इस्त्रीचा शर्ट घालून आले. बातमी कुणी फोडली कोण जाणे, बाकावर जागा नव्हती. बाकाच्या टोकाला आपली बायको बसलेली बघून ते उंबऱ्यातच थांबले.

"तू आठे काब्र उनी?"

"क्लासला आले."

"कोनता क्लास?"

"हाच. तीन महिने झाले. सांगून तर येत होते तुम्हाला."

सेठनी फळ्याकडे पाहिलं. यू. मग जे. ओठ हलवून त्यांनी ती दोन अक्षरं दोनदा वाचली. उमराव. झुंबरलाल. मागच्या पथारीवर मिरची ओढणाऱ्या बायांचं बोलणं ऐकू येऊ लागलं.

"म्हणजे महिनाभर मी तुझ्या भुताच्या मागे धावतोय," सेठ म्हणाले. धक्क्याने अहिराणी मागे पडून त्यांच्या तोंडी बायकोची मराठी आली होती.

"मागेच होतात," उमरावबाई म्हणाल्या.

बाकावर कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळेच हसले, सेठ सोडून. पण ते परतही गेले नाहीत. शर्टाच्या बाह्या दुमडून ते सीटवर बसले.

ठरलं असं की दोघांनी आळीपाळीने तीन-तीन फेऱ्या मारायच्या. सर्वांत कमी वेळ ज्याचा तो जिंकला.

सेठच्या पहिल्याच फेरीत गाडी फाट्यावरून अशी सुटली की ते स्वतः दचकले. चार पोत्यांच्या हिशोबाने पाय दाबायची सवय झालेली, आणि डिक्की रिकामी. पूल कधी आला आणि कधी गेला ते कळलं नाही. गाडी वावरात शिरली ती पार शेवटच्या सरीपर्यंत गेली. आबांनी डोळे मिटून घेतले. उमरावबाईंची पहिली फेरी चार दहा.

दुसऱ्या फेरीला सेठ सावध झाले. वही त्यांनी खिशातून काढलीच नाही. गाडी आज का पळते हे त्यांना समजत नव्हतं. आपण पळवतोय एवढं मात्र समजत होतं. गतिरोधकावरून ती मांजरीसारखी उतरली, पुलापुढचं वळण एका रेषेत निघालं, आणि शेवटच्या सरळ रस्त्यावर भूत पहिल्यांदा त्यांच्या मागे राहिलं. चार मिनिटं सात सेकंद.

सेठ उठले. त्यांनी बायकोसाठी सीट रुमालाने झटकून दिली. ती झटकण्याची तऱ्हा अशी होती की बाकावरच्या दोन बायांनी पदर तोंडाला लावला.

उमरावबाईंची दुसरी फेरी चार आठ. सेठची तिसरी चार सात आणि वर थोडं. मग बाई शेवटच्या फेरीला बसल्या. त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या, अनवाणी पाय पेडलवर टेकवले, आणि त्या चार मिनिटांत त्यांच्या चेहऱ्यावरची रेषासुद्धा हलली नाही. पडद्यावर आकडा आला. चार मिनिटं सहा सेकंद.

टाळ्या वाजल्या. सेठनीही वाजवल्या, जरा उशिरा. आता गप्प राहावं असं रंजिताला क्षणभर वाटलं. सगळं छान झालं होतं. पण त्या पालथ्या हातांची आठवण तिला गप्प बसू देईना.

"सेठ, एक सांगायचं राहिलं," ती म्हणाली. "तीन आठवडे तुमच्या गाडीत वजन होतं. मी घातलं होतं. आज काढलं."

"किती?"

"आधी दोन पोती. मग चार."

सेठचा चेहरा व्यापाऱ्याचा झाला. "कितीचं पोतं?"

"चाळीसचं."

"एकशे साठ किलो घेऊन मी चार सोळा केले?"

"हो."

ते खाली बाकावर बसले. रंजिता बोलणी खायच्या तयारीत उभी होती. सेठनी आपले हात मांडीवर ठेवले आणि बोटं हलवून बघितली.

"म्हणजे मंदावले नव्हते," ते पुटपुटले. मग त्यांनी बायकोकडे मान वळवली. "आणि ही कल्पना हिची नव्हे. ही मुलगी एवढी बेरकी नाही."

"माझी," उमरावबाई म्हणाल्या. "गाडी शिकते म्हटल्यावर हसला होतात, त्याची दोन पोती. तीन आठवडे मला नवापूरचा रिकामटेकडा पोरगा म्हणालात, त्याची दोन."

"इतकी?"

"आणखी घालणार होते. रंजिता म्हणाली, गाडी चढावर मागे येईल."

आता सेठ हसले. सावकाश सुरू झालं ते हसणं आणि मग थांबेना. शेवटी आबांनी पाण्याचा ग्लास आणून दिला. पाणी पिऊन ते म्हणाले, की रंजिताबेनची चूक आहेच, तर तिने दंड म्हणून आपल्याला ती फाईल उघडून दाखवावी, हवेपासून गिअरपर्यंत सगळी. पुढचा तासभर नवरा-बायको पडद्याला नाक लावून ब्रेकच्या जोरावरून भांडत राहिले. त्यांना उठवून पुढच्या शिकाऊला बसवताना रंजिताच्या नाकी नऊ आले.

खऱ्या गाडीचं मात्र निराळं निघालं. त्याच आठवड्यात उमरावबाई स्कूलची गाडी घेऊन पहिल्यांदा कोरीटच्या रस्त्याला लागल्या. शेजारी रंजिता, मागे हट्टाने बसलेले सेठ. पडद्यावर शंभरने पूल ओलांडणारी बाई इथे तीसच्या वर जाईना. फाट्यावर गाडी दोनदा बंद पडली. नाल्याजवळ म्हशींचा कळप आडवा आला तेव्हा त्यांनी इतक्या दुरून ब्रेक मारला की मागचा ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवून थकला. तळहातांना सुटलेला घाम त्या सारख्या साडीला पुसत होत्या.

रंजिताला वाटलं, आता मागून काहीतरी येणार. तिने आरशात पाहिलं. सेठ दोन्ही हातांनी पुढची सीट धरून रस्त्याकडे बघत होते.

"म्हशींना घाई नाही," ते एवढंच म्हणाले. "तूही करू नकोस."

कळप गेला. बाईंनी पहिला गिअर टाकला, आणि गाडी एकही हिसका न देता निघाली.

परीक्षा उमरावबाई पहिल्या खेपेला पास झाल्या. सेठचा रिव्हर्स दोनदा चुकला. पडद्यावरच्या फेरीत मागे जायची वेळच येत नाही, हे रंजिताच्या तेव्हा लक्षात आलं आणि तिने रिव्हर्सचं एक वेगळं मैदान बनवायला घेतलं.

डिसेंबरात सारंगखेड्याची यात्रा भरली. सेठना घोडे बघायचे होते. तापीवरचा पूल ओलांडल्यापासून गाड्यांची रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. मैदानात जागा मिळाली ती घोडे उतरवायच्या दोन ट्रकच्या मधली, गाडीपेक्षा हातभरच रुंद. उमरावबाईंना गाडी उलटी घालावी लागणार होती. सेठ लगबगीने खाली उतरले, मागे जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हात वर करून "ये, ये, डावीकडे, अजून डावीकडे" असं सांगू लागले. एका ट्रकमधला पांढरा घोडा मान बाहेर काढून त्यांच्याकडे बघत होता.

उमरावबाईंनी खिडकीची काच खाली केली.

"जरा बाजूला उभे राहा," त्या म्हणाल्या. "आरशात तुम्हीच दिसता."

सेठ बाजूला झाले.